बांबूची काडी टोचलेलं मत

पडली, पडली म्हणता म्हणता दिलसरी परत उठली की हो!

सकाळी आठला मोजणी पुन्हा सुरू झाली तेव्हा ती चारशे बारा मतांनी मागं होती. बेनी बाजारातल्या सभागृहाबाहेर समोरच्या उमेदवाराच्या, इमबहादूर गर्बुजाच्या, माणसांनी अबिराची पोती सोडून ठेवली होती. बाजावाले सनईची पिपाणी ओली करून बसले होते. झेंडूच्या माळा तर इतक्या, की दोन बकऱ्या त्यातच चरत होत्या आणि कुणी हाकलत नव्हतं. आणि मग नऊला फरक आला दीडशेवर. साडेनऊला सत्तरवर. दहाला नदीपलीकडच्या डोंगरावरची, म्हणजे दिलसरीच्या स्वतःच्या गावची पेटी उघडली, आणि पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे तिच्या बाजूला असे पडायला लागले की सनईवाल्यानं पिपाणी गुपचूप खिशात घातली.

"दिदी, बघ बघ बघ!" तिची प्रतिनिधी सुकमती छन्त्याल तिच्या दंडाला चिमटे काढत होती. "अजून एक गठ्ठा! अजून एक!"

"अगं, हात सोड, काळानिळा झालाय," दिलसरी म्हणाली. पण ती स्वतःही खुर्चीवर टेकली नव्हती. काल दुपारपासून ती जाळीला नाक लावून उभी होती.

तसं पाहिलं तर दिलसरी पुन ही काही लहानसहान बाई नव्हे. प्रदेश सरकारात अकरा महिने मंत्री होती ती. पण कशी झाली, ते सांगायला हवं.

सातवीपर्यंत शिकलेली, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन डोंगरावर आलेली. नवरा बारा वर्षं मलेशियात. ती गावची आरोग्य स्वयंसेविका. पाठीवर पेटी बांधून वाड्या-वाड्या फिरायची, बाळांना थेंब पाजायची, अडलेल्या बाळंतिणीला डोलीत घालून चार माणसांच्या पुढं स्वतः पळायची. मग आमा समूहाची, म्हणजे गावातल्या बायकांच्या मंडळाची, अध्यक्ष झाली. जुगाराचे पत्ते चुलीत घातले, पायवाट बांधली. पार्टीनं मेळाव्याला बोलावलं, ही गेली. पुढं पार्टीला उमेदवारांची यादी भरायची होती, जिच्यावर लोक शिक्का मारत नाहीत, पार्टीच आपल्या वाट्याच्या जागा भरते, ती यादी. त्यात बाई हवी, जनजातीतली हवी, मागास डोंगरातली हवी. तिन्ही एकाच माणसात मिळाली म्हणून हिचं नाव शेवटून दुसरं लिहिलं. वरच्या बाया आपसात भांडल्या, एकीनं पार्टी सोडली, एकीच्या कागदात खोट निघाली आणि दिलसरी पोखऱ्याला प्रदेश सभेत जाऊन बसली. दीड वर्षात सरकार एका जागेवर लटकलं. प्रत्येक डोक्याला भाव आला. एका सकाळी फोन: मखमली चोळी घालून या, शपथ आहे!

आरोग्य खातं मिळालं. सचिव फायली घेऊन आले आणि बोटानं दाखवायला लागले, इथं सही, इथं सही. दिलसरी म्हणाली, "वाचा."

"मंत्रीज्यू," ते आदबीनं म्हणाले, "रुटीन आहे."

"मोठ्यानं वाचा. आमच्या मंडळात वाचल्याशिवाय कुणी अंगठासुद्धा उठवत नाही."

आणि खरोखर, अकरा महिने त्या खोलीत फायली मोठ्यानं वाचल्या जात. शिपाईसुद्धा दाराशी उभा राहून ऐके. निम्म्या फायली तर मोठ्यानं वाचायची लाज वाटून अधिकाऱ्यांनी दारातूनच परत नेल्या! एकवीस प्रसूतिगृहांना दिवे आणि दाया मिळाल्या त्या त्यातूनच. सरकार पडलं तेव्हा ती एका प्रसूतिगृहातच होती. बातमी रेडिओवर आली. चालकानं गाडीवरचा झेंडा काढला, घडी घातली, आणि बिचारा हिच्यापुढं ओशाळून उभा राहिला. हिनं त्याला चहा पाजला.

सगळीकडं मान मिळाला, फक्त एका उंबऱ्यावर नाही. स्वतःच्या.

तिची सासू मनरूपी. वय वर्षं चौऱ्याहत्तर, कानात सोन्याच्या जड बाळ्या, आणि जीभ अशी, की तिच्या आवाजानं रेडकूसुद्धा उभं राहायचं. सून मंत्री होऊन पहिल्यांदा घरी आली तेव्हा मागं चाळीस माणसं आणि गळ्यात हातभर खदा, म्हणजे मानाचे रेशमी दुपट्टे. म्हातारी अंगणात पत्रावळी लावत बसली होती. वर न बघता म्हणाली, "आलीस? गवत संपलंय."

आणि मंत्रीबाईंनी खदा खुंटीला अडकवले आणि विळा घेतला. चाळीस माणसं आ वासून बघत राहिली.

रात्रीच्या जेवणात म्हातारीनं तोंड उघडलं ते असं: "मंत्री झालीस, बरं झालं. पण तुला कुणी केली गं? एका माणसानं तरी जाऊन तुझ्या नावावर शिक्का मारला का? कागदानं चढवली, कागद उतरवेल."

हे वाक्य दिलसरीला लागलं ते कायमचं लागलं. खोटं असतं तर हसून सोडलं असतं! पोखऱ्यात भाषण करताना टाळ्या पडायच्या आणि हिला मधेच ते वाक्य आठवायचं. म्हणून या वेळी पार्टीनं पुन्हा यादीतली सुरक्षित जागा देऊ केली, तर ही म्हणाली, नको. मला लोकांतून लढायचंय. पार्टीवाले मनातून खूश झाले, कारण ती जागा पडणारच होती आणि पडायला कुणीतरी हवंच होतं. समोर इमबहादूर: भारताच्या फौजेतून सुभेदार होऊन परतलेला, उंचापुरा, गोडबोल्या, दोन जीपगाड्यांचा मालक. आणि वर काय, तर मनरूपीचा सख्खा भाचा! तिच्या एकुलत्या एका भावाचा मुलगा.

झालं. दशैंचा सण आला. म्हातारी माहेरी गेली, इमबहादूरच्या कपाळावर तांदूळ-दह्याचा हा एवढा टिळा लावला, कानामागं जमरा, म्हणजे जवाचे कोवळे अंकुर, खोवला आणि चारचौघांत म्हणाली, "माझ्या माहेरचा दिवा आहेस. माझं मत माहेराला. जिंकून ये, बाबा." कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यानं बघितलं. मंत्रीबाईची सासूच मंत्रीबाईच्या विरोधात! चहाच्या टपरीवर लोक मांड्या थोपटून हसले. दिलसरी घरोघर हात जोडत फिरायची तेव्हा म्हाताऱ्या विचारायच्या, "सासूला विचारलंस का आधी?"

तिनं विचारलं नव्हतं. हिंमतच झाली नाही. मतदानाच्या दिवशी म्हातारी एकटीच काठी टेकत गेली, एकटीच आली. अंगठ्यावरची शाई दाखवून म्हणाली, "म्हशीला पाणी दाखवलं का?" बस्स, एवढंच.

आणि आज, बरोबर सव्वाअकराला, सुकमतीनं किंकाळी फोडली.

"बरोबरी! दिदी, बरोबरी!"

नऊ हजार तीनशे अठरा. दोघांनाही नऊ हजार तीनशे अठरा! बाहेर भोंग्यावरून आकडा गेला मात्र, बाजारात असा कल्ला उसळला की छपरावरची कबुतरं उडाली. इमबहादूर जाळीशी आला. चेहरा पांढरा पडला होता, पण हसला. "वहिनी, फौजेत वीस वर्षं काढली, छातीत एवढं धडधडलं नव्हतं हो."

"माझंही धडधडतंय, दाजू. चहा प्या," दिलसरी म्हणाली. थोरल्या भावाला द्यावा तसा तिनं आपल्या हातातला पेला त्याच्यापुढं केला.

"थांबा, अजून एक आहे," निवडणूक अधिकारी सापकोटा साहेब म्हणाले.

टेबलाच्या कोपऱ्यात संशयित मतांचा गठ्ठा होता. सगळ्यांचा निकाल लागला होता, एक मतपत्रिका तेवढी राहिली होती. ती उघडलीच नव्हती, कारण उघडेचना! साहेबांनी ती वर धरली. कागदाची मधोमध घडी, कड दुमडलेली, आणि त्या कडेतून आरपार टोचलेली बांबूची बारीक काडी. पत्रावळीची पानं जोडतात, अगदी तशी.

सभागृहात हशा पिकला. "हे मत आहे का दही-चिवड्याचा द्रोण?" पोलीससुद्धा हसला.

दिलसरी हसली नाही. इमबहादूरही हसला नाही. मीठ असो, तंबाखू असो, औषधाची पुडी असो, असं काडी टोचून बंद करणारं माणूस दोन्ही गावांत मिळून एकच होतं. इमबहादूरचं लहानपण तिच्या मांडीवर गेलं होतं, आणि दिलसरीची सत्तावीस वर्षं तिच्या चुलीपुढं गेली होती. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली.

साहेबांनी काडी उपसली, कागद पसरला. आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

स्वस्तिकाचे दोन शिक्के! एक डावीकडं जात्यावर, म्हणजे दिलसरीच्या चिन्हावर. एक उजवीकडं कुदळीवर, म्हणजे इमबहादूरच्या. म्हातारीनं शिक्का मारला होता भरपूर शाई लावून, आणि ओला असतानाच कागद घडी घालून, दाबून, वर काडी ठोकली होती. शाई पलीकडं उमटली होती. दोन्ही सारखेच गडद, दोन्ही थोडे फिसकटलेले.

"घडीनं उमटलेला छाप धरायचा नाही, असा नियम आहे," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "पण खरा कुठला आणि उमटलेला कुठला, ते ठरवायला हवं."

दिलसरीला ठरवायची गरज नव्हती. जन्मभर लग्नकार्याला उंबऱ्यावर स्वस्तिक काढणारी बाई ती. तिची नजर पडताक्षणी तिला कळलं. कुदळीवरचं स्वस्तिक उलटं फिरलेलं होतं, पाण्यात बघावं तसं. जात्यावरचं सुलट होतं. सासूआमाचा शिक्का जात्यावर होता! तिच्या जात्यावर!

तिनं जाळी घट्ट धरली. हसावं का रडावं कळेना. म्हातारीनं माझ्यावर शिक्का मारला! मला! आणि एका शब्दानं बोलली नाही! म्हशीचं पाणी विचारत बसली, बाई!

आणि मग तिचं लक्ष इमबहादूरकडं गेलं. तो कागदाकडं बघत होता. त्याला सुलट-उलट कळलं होतं की नाही, देव जाणे. पण साहेबांनी एकदा का मोठ्यानं सांगितलं, की मनरूपीचं मत कुठं पडलं ते काडी ओळखणाऱ्या दोन्ही गावांना आणि मग साऱ्या बाजाराला कळणार. टिळा माहेराला आणि मत सासरला! चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, भाऊ गेलेला, माहेरची म्हणून उरलेली ती एकच ओसरी. दरवर्षी दशैंला ती काठी टेकत चार तास चढून तिथं जाते. इमबहादूरची आई काही साधीसुधी नाही. पुढच्या वर्षी तिथं म्हातारीला कोण बस म्हणेल?

दिलसरीनं घसा साफ केला. "साहेब," ती म्हणाली, "फिसकटलंय सगळं. माझी हरकत नाही. बाद करा. चिठ्ठ्या टाकू."

सुकमतीनं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही हिला भूत लागलंय. "दिदी! वेड लागलं का तुला? हात दाखवून अवलक्षण! अगं, नीट बघ तरी!"

"बघितलं. बाद करा."

साहेब चक्रावले. मतं सारखी पडली तर दोन नावांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलायची, हा आमच्याकडचा कायदाच आहे. पण आपणहून चिठ्ठीवर जाणारा उमेदवार त्यांनी नोकरीत बघितला नव्हता. "इमबहादूरज्यू, तुमचं?"

इमबहादूरनं ओठ ओले केले. "वहिनी म्हणतात तसं. माझीही हरकत नाही."

शिपाई चिठ्ठ्यांसाठी कागद कापायला लागला. आणि सुकमती? ती सुकमतीच. तिनं पदर खोचला आणि दार ढकलून बाहेर पळाली.

बाहेर पिंपळाच्या पारावर, भाच्यानंच जीपमधून आणलेली मनरूपी बसली होती. मांडीवर भाच्याच्या विजयासाठी दिलेली झेंडूची माळ, आणि तोंडात मक्याचे भाजके दाणे. सुकमतीनं तिच्या कानात काय सांगितलं ते पाराभोवतीच्या साऱ्यांनी ऐकलं, कारण सुकमतीला कानात बोलता येतच नाही. म्हातारी उठली. माळ सुकमतीच्या हातात कोंबली. दारावरच्या पोलिसानं काठी आडवी धरली, तर तिनं आपली काठी त्याच्यावर उभी धरली. "बाजूला हो रे. तुझ्या आईचं बाळंतपण माझ्या सुनेनं केलंय." खरंच केलं होतं. तो बाजूला झाला.

"दिलसरी!"

अख्खं सभागृह दचकलं. शिपायाच्या हातातली कात्री पडली.

"आमा, तुम्ही इथं कशाला..."

"तू माझं मत बाद करायला सांगितलंस?"

"आजी, आजी," सापकोटा साहेब धावले, "असं बोलू नका. मतदान गुप्त असतं!"

"होतं की गुप्त! मी काडी टोचून दिलं होतं. तुम्हीच उघडलंत!"

कुणीतरी फसकन हसलं. म्हातारी हसली नाही.  दिलसरी तिच्याजवळ आली आणि हळूच, तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "आमा, तुमच्यासाठीच म्हटलं मी. दाजूंना कळलं तर... तुमचं माहेर आहे. तुमची मान खाली जाईल."

"माझी मान!" म्हातारी ओरडली, आणि ते साऱ्या बाजाराला ऐकू गेलं. "माझ्या मानेची काळजी तू करू नकोस. इमबहादूरला टिळा मी लावला, तो माझ्या भावाचा लेक म्हणून. मत माहेराला देईन म्हटलं, खोटं बोलले, हे आता त्याच्या तोंडावर सांगते. काय करायचं ते करा! शिक्का घेऊन उभी राहिले त्या आडोशाला, तर तिथं ना माहेर होतं, ना सासर, ना नवरा, ना गाव. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा मला कुणी विचारत नव्हतं की कुणाची लेक, कुणाची सून. मी दोन घटका उभी राहिले. कामाला माणूस कोण, एवढाच विचार केला. आणि मारला! ते मत माझं आहे, दिलसरी. तुझं नाही. ते फेकून द्यायला तू कोण?"



दिलसरी मंत्री होती तेव्हा विरोधकांनी तिला सभेत काय काय ऐकवलं होतं. ती कधी गप्प बसली नव्हती. आज तिनं मान खाली घातली. आपण मोठं मन दाखवतोय, असं वाटलं होतं तिला. आणि अकरा महिने ज्या अधिकाऱ्यांना ती "वाचा" म्हणून दटावत होती, त्यांनी केलं तेच तिनं केलं होतं. दुसऱ्याची गोष्ट न विचारता परस्पर मिटवली होती. शरमेनं तिचे कान तापले. आणि त्या शरमेतूनही आनंद असा उसळत होता की तिला आवरेना.

ती साहेबांकडं वळली. "साहेब, मी चुकले. माझं बोलणं मागं घेते. चिठ्ठ्या नकोत. ते मत मोजा. ज्याचं असेल त्याला द्या."

"आजींच्या सांगण्यावरून मी काही ठरवणार नाही," साहेब कडक आवाजात म्हणाले.

"मी कुठं सांगितलं, कुणाला दिलं ते?" म्हातारी म्हणाली. "डोळे आहेत ना? बघा."

साहेबांनी भिंग मागवलं. कोरा शिक्का मागवला, कोऱ्या कागदावर मारला, घडी घातली, दाबली, उघडली. दोन्ही उमेदवारांना जाळीच्या आत बोलावलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले.  इमबहादूर वाकून बराच वेळ बघत राहिला. मग सरळ झाला, फौजेत उभं राहावं तसा.

"जात्यावरचं सुलट आहे," तोच आधी म्हणाला. "माझ्यावरचं उमटलेलं आहे. लिहा, साहेब."

आणि साहेबांनी लिहिलं. नऊ हजार तीनशे एकोणीस. नऊ हजार तीनशे अठरा.

अहो, मग काय विचारता! सुकमती टेबलावरच चढली. बाहेर भोंगा ओरडला, सनईवाल्यानं खिशातून पिपाणी काढली. पैसे इमबहादूरनं दिले होते, पण सनई वाजायला काय, वाजली! अबीर त्याचाच, उधळला दिलसरीच्या माणसांनी. जाळीचं दार उघडलं तशी दिलसरी धावत आली ती सासूच्या पायावरच पडली.

इमबहादूर तिच्या मागून आला. म्हातारीनं त्याच्याकडं मान वर करून बघितलं. आता तिचा आवाज बारीक झाला होता. "बाबा, तुझ्या आईला सांग, मनरूपी खोटं बोलली. पुढच्या दशैंला मी आले नाही तरी..."

"आत्या," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला तो खाली वाकून पाया पडला. "जीप पाठवीन. चढ आहे तो."

म्हातारीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग सुकमतीच्या हातातली झेंडूची माळ घेतली. क्षणभर दोघांकडं बघत राहिली, भाचा उभा आणि सून पायाशी. आणि माळ भाच्याच्या गळ्यात घातली.

दिलसरी पायाशी बसूनच हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "आमा, मग मला काय?"

"तुला दिलं की, त्या कागदावर," म्हातारी म्हणाली. "ऊठ. लोक थांबलेत बाहेर."